आठ बोल्टांचे झाकण

स्तुती ऐकण्यासाठी कोणाला तालीम द्यावी लागत नाही. कान आपोआप त्या दिशेला वळतात. निंदाही माणूस ऐकतो, पण ती बहुधा त्याच्यावर येऊन आदळते म्हणून. आपल्या हातून घडलेल्या वस्तूचे दोष ऐकण्यासाठी आपण होऊन दुसऱ्याच्या दारी जाणे, तो भिडेपोटी गप्प बसला तर त्याची भीड मोडणे, आणि जे ऐकू येईल ते प्रसादासारखे ओंजळीत घेऊन परतणे, ही वृत्ती मात्र फार विरळ. पूर्वसूरींनी भक्तीचे प्रकार सांगताना श्रवणाला पहिले आसन दिले. ईश्वराच्या गुणांचे श्रवण त्यांना अभिप्रेत होते, हे खरे. परंतु स्वतःच्या कृतीतील दोषांचे श्रवणही त्याच पंक्तीला बसवावे असे ज्यांच्याकडे पाहून वाटे, ते एक गृहस्थ सुरतेच्या पांडेसरा भागात राहत होते. त्यांचे नाव सुकलाल बोरसे. हा गुण त्यांना उपजत नव्हता. वयाच्या साठाव्या वर्षी, एका आषाढात, अवघ्या दोन आठवड्यांत तो त्यांच्या अंगी आला. त्या दोन आठवड्यांची ही हकिकत.

सुकलाल मूळचे धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याकडचे. विशीत सुरतेला आले आणि पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये बॉयलरवर लागले. पहाटे उठून समिधा अर्पण करणारे अग्निहोत्री आता शोधूनही सापडत नाहीत. पण पहाटेच्या पाळीला कोळशाचे फावडे उचलणाऱ्या या माणसाने चौतीस वर्षे अग्नीची जी सेवा केली, ती कोणत्याही व्रतस्थाला शोभावी. मिलच्या धुराड्याकडे पाहून त्यांची परीक्षा होत असे. धूर काळा असला की हवा कमी पडते आहे, पांढरा असला की इंधन ओले आहे, आणि धूर दिसतच नसला की भट्टी सांभाळणारा फायरमन उस्ताद. पाळी संपवून दरवाजाबाहेर पडताना सुकलाल मान वर करून धुराड्याच्या तोंडाशी आकाश स्वच्छ आहे ना हे पाहत आणि मगच सायकलीवर टांग टाकत.

पुढे मिलने बॉयलर बंद करून वाफ बाहेरून नळाने घ्यायला सुरुवात केली. सुकलाल निवृत्त झाले आणि मिलमधलेच जुने वेल्डर दगा माळी यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसू लागले. दगाभाऊ ग्रिल, फाटके, पाण्याच्या टाक्या बनवत. सुकलाल माप काढत, पत्रा वाकवत आणि बनलेल्या प्रत्येक वस्तूवर बोटाची टिचकी मारून तिचा आवाज ऐकत.

तेथेच एके दिवशी आदित्य वानखेडे हा तरुण आला. त्याचे सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात भरतकामाच्या यंत्रांच्या सुट्या भागांचे दुकान होते. घराणे अमरावतीकडचे, खाण्यापिण्याचे शौकीन. पण शहरातल्या ज्या सोसायटीत ते राहत तेथे मांसाचा वास जिन्यात आला तरी तक्रार होई. म्हणून शहराबाहेर पलसाण्याच्या पुढे उसाच्या शेतांमध्ये त्याने एक छोटी वाडी घेतली होती. त्याने मोबाइलवर एक चित्र दाखवले. एक आडवे जाड लोखंडी पिंप, त्याच्या एका टोकाला लाकडे जाळण्याची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडे.

"काका, याच्यात मटण चार-पाच तास धुरावर शिजतं. मंद आचेवर. परदेशात लोक घराच्या मागे ठेवतात. बनेल?"

"बनेल की," सुकलाल म्हणाले. "हा तर आडवा बॉयलरच आहे."

या एका वाक्यात पुढच्या सगळ्या गोंधळाचे बीज होते. सुकलालांनी आठ मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला. धुराडे चांगले सात फुटांचे उभारले, म्हणजे हवेचा ओढा जोरदार राहील. पिंपाचे वरचे अर्धे अंग म्हणजे झाकण. ते सत्तर किलोंचे झाले, आणि ते बसवण्यासाठी त्यांनी चौफेर पट्टी जोडून तीवर आठ बोल्ट घातले. बॉयलरचे तोंड असेच बंद करतात. चालू भट्टीचे झाकण उघडण्याचा प्रसंग फायरमनच्या आयुष्यात येत नाही, आणि आला तर तो बहुधा शेवटचा असतो. उष्णता दाखवणारी काट्याची तबकडी त्यांनी शिरोभागी, धुराड्याच्या मुळाशी बसवली. आणि मटण धुरावर शिजते हे आदित्यचे म्हणणे? ते त्यांनी ऐकून घेतले, पण मनातून त्याची कीव केली. घरी वरणाला जरा धूर लागला तर ताट बाजूला सारणारी आपली माणसे. पोराला नीट सांगता आले नसावे. त्यांनी औदार्याने आत एक तिरपा पत्रा बसवला, म्हणजे धूर मटणाला न शिवता थेट धुराड्यात जाईल.

भट्टी पेटवली तेव्हा धुराड्यावर आकाश स्वच्छ होते. सुकलालांचा ऊर भरून आला.

आदित्यने पाया पडून यंत्र नेले. त्याच्या ओळखीने आणखी चौघांनी तशीच धूरभट्टी मागितली. पाची जण सुकलालांना 'काका' म्हणत, भेटले की चहा पाजत आणि "एक नंबर बनवलंय" असे सांगत. त्या वर्षभरात सुकलाल पांडेसऱ्यात थोडे ताठ चालू लागले होते, असे दगाभाऊ सांगतात.

आषाढातल्या दुसऱ्या रविवारी ते पलसाण्याला गेले ते कोणी बोलावले म्हणून नव्हे. धुराड्यात पावसाचे पाणी जात असेल, असे त्यांच्या मनात आले होते. म्हणून त्यांनी पत्र्याची एक टोपी बनवली आणि पिशवीत घालून बसने निघाले.

वाडीच्या मागच्या अंगणात त्यांची धूरभट्टी उभी होती. तिच्या पाठीवर मोगऱ्याच्या सात कुंड्या ओळीने ठेवल्या होत्या. धुराड्याला ओला टॉवेल अडकवलेला होता. लाकडांच्या पेटीचे दार उघडे होते आणि आत एक कोंबडी अंड्यांवर निश्चिंत बसली होती.

सुकलाल टोपी हातात धरून उभे राहिले. मागून आदित्यच्या आई, अरुणाबाई, आल्या. सुरतेतल्या मराठी शाळेत त्यांनी सत्तावीस वर्षे शिकवले होते, आणि सुकलालांची थोरली मुलगी त्यांच्याच वर्गात पाढे शिकली होती.

"अगंबाई, बोरसे! कळवून तरी यायचं. मी कुंड्या हलवून ठेवल्या असत्या."

"बाई, हे... वापरत नाही का तुम्ही?"

तेवढ्यात आदित्य धावत बाहेर आला. "वापरतो ना काका! परवाच... म्हणजे मागल्या महिन्यात... तुम्ही बसा ना आधी, चहा..."

"आदित्य," अरुणाबाई म्हणाल्या, "शाळेत गृहपाठ केला नाहीस की तुझा आवाज असाच व्हायचा. बोरसे, खरं सांगू? राग नाही ना यायचा?"

"तुम्ही माझ्या पोरीला शिकवलंत बाई. तुमचा राग कसला?"

"मग ऐका. यंत्र उत्तम आहे. त्यात स्वयंपाक तेवढा करता येत नाही."

"आई, अगं!"

"अगं काय? श्रावणाआधीचा आखाड जेवून झाला की सोमवारी भंगारवाला येणार आहे, तेही सांगून टाक. त्यांच्या तोंडावर चहा आणि पाठीमागे भंगार, हे मला नाही आवडत."

सुकलालांना त्या क्षणी कोणी थप्पड मारली असती तर कमी लागले असते. पण अरुणाबाईंचा स्वर परीक्षा घेणाऱ्याचा नव्हता, उत्तर समजावणाऱ्याचा होता, आणि त्या स्वराने ते सावरले. त्यांनी टोपी खाली ठेवली.

"बाई, एक कोंबडी मिळेल? ही नाही," ते अंड्यांवरच्या कोंबडीकडे पाहून घाईने म्हणाले, "बाजारची. मी स्वतः शिजवून बघतो."

अंडी घातलेली टोपली आणि तिची मालकीण दोघींना आदराने हलवण्यात आले. आदित्यने कोंबडी आणली, मसाला लावला, पेटी पेटली. आणि पुढच्या दोन तासांत सुकलाल बोरसे आपल्याच यंत्राचे गिऱ्हाईक झाले. झाकण बसवून त्यांनी आठही बोल्ट पान्याने आवळले. अर्ध्या तासाने आदित्य म्हणाला, आता कोंबडी उलटायची. त्यांनी तापलेले आठ बोल्ट फडक्याने धरून सोडवले. दोन बोटे भाजली. मग सत्तर किलोंचे झाकण दोघांनी उचलले, आणि कोंबडी उलटेस्तोवर ते कोठे ठेवायचे हा प्रश्न पडला. तबकडीचा काटा पुढे जाईना, कारण ती धुराड्याचा ताप मोजत होती. इकडे पेटीकडची तंगडी कोळसा झाली आणि दूरच्या टोकाची कच्ची राहिली. चरबी खाली साचून आतल्या आत पेटली. राख काढायची तर तिचे तोंड पेटीच्या मागच्या बाजूला, भिंतीला लागून. यंत्र हलवायचे तर त्याची लोखंडी चाके काळ्या मातीत वीतभर रुतलेली.

शेवटी सुकलालांनी एक घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

"धूर लागला नाही ना?" त्यांनी आशेने विचारले.

"नाही ना काका!" आदित्य जवळजवळ रडकुंडीला आला होता. "तेच तर! धूरच लागत नाही! धुरासाठीच तर सगळं केलं होतं!"

अरुणाबाई पदराने तोंड झाकून हसत होत्या. सुकलालांनी धुराड्याकडे पाहिले. वर आकाश स्वच्छ होते. चौतीस वर्षे जे पाहून त्यांची छाती फुगली, तेच आता त्यांना दोष म्हणून दिसत होते, आणि त्या दर्शनाने त्यांच्या अंगावर काटा आला. पण तो दुःखाचा नव्हता. लहान मुलाला एखादे गणित सुटण्याच्या आधी जी हुरहुर लागते, तशी ती होती.

"आदित्यभाई," ते म्हणाले, "आषाढाच्या शेवटच्या रविवारी तुम्ही लोक आखाड करणार ना?"

"हो, चाळीस माणसं आहेत. पण काका, ते आम्ही गॅसवर..."

"गॅस तयार ठेवा. पण हे यंत्र मी दुरुस्तीला नेतो आणि त्या दिवशी सकाळी इथं आणून पेटवतो. जमलं तर ठेवा. नाही जमलं, तर सोमवारी भंगारवाल्याच्या गाडीत मी स्वतः हात लावून चढवतो."

मध्ये दोन आठवडे होते.

घरी मंदाबाई, सुकलालांच्या पत्नी, बोटांना मलम लावत सगळे ऐकत होत्या. घरात ही दोघे अहिराणी बोलत.

"झाकण उघडाले पाना लागस?" त्या म्हणाल्या. "मंग ते झाकण कसानं? ती तं तिजोरी व्हयनी!"

"बॉयलरले तसंच ऱ्हास," सुकलाल पुटपुटले.

"बॉयलरम्हा मटन शिजाडतस का? माले एक डाव तरी इचारं व्हतं?"

नव्हते विचारले. मंदाबाईंनीच मग त्यांना समजावले की रांधणाऱ्या बाईचा एक हात नेहमी गुंतलेला असतो. झाकण दुसऱ्या एका हाताने उघडले पाहिजे, आणि उघडल्यावर आपल्या जागी थांबले पाहिजे. आणि धुराचे म्हणाल तर खळ्यावर वांगी भाजतो, त्या भरताला जो वास येतो, तो काय वरणाला लागलेला धूर असतो? सुकलाल बसल्या जागेवरून अर्धे उठले. वांग्याचे भरीत त्यांनी साठ वर्षे खाल्ले होते. त्यातला धूर त्यांच्या कधी ध्यानात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी टेम्पोने यंत्र पांडेसऱ्याला आले. दगाभाऊंनी आठ बोल्टांवरून हात फिरवत विचारले, "सुकाभाऊ, एक सांग. मटण खायला बॉयलर इन्स्पेक्टर येणार होता का?"

"हस, हस. बोल्ट घातले कोणी? तूच ना?"

"तू सांगितलंस म्हणून घातले. मला वाटलं, बकरा जिवंत ठेवतात आत."

पण यंत्राला हात लावण्यापूर्वी सुकलाल उरलेल्या चार मालकांकडे गेले. पहिल्या घरी चहा आला आणि "एक नंबर आहे काका" हे वाक्य आले. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घराच्या पायरीवर ते क्षणभर थबकले. वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या कामातली खोट त्याच्या तोंडावर सांगायची, हे आपल्या घरांतल्या वळणात बसत नाही. आणि तो माणूस चहाचा पेला हातात धरून समोर बसलेला असला तर मुळीच नाही. म्हणून या घरी त्यांनी प्रश्न विचारलाच नाही. खुर्चीत टेकताच ते म्हणाले, "झाकण मी मूर्खासारखं केलं. माझी बोटं भाजली. आता पुढचं तुम्ही सांगा."

यजमानाच्या चेहऱ्यावरून जणू मळभ सरले. "काका, मूठ! झाकणाची मूठ! लोखंडाचीच ना ती, तीपण तापते!"

"बरोबर. आणखी?"

"पावसात आत गंजतं. आणि चरबी कुठून काढायची?"

त्याची बायको आतून ओरडली, "आणि ताट ठेवायला जागा सांगा! एवढं मोठं धूड, पण एक वाटी ठेवायची सोय नाही!"

हीच पुढे सुकलालांची रीत झाली. आधी आपला एक दोष आपल्या मुखाने सांगायचा. मग समोरच्याची जीभ मोकळी होते. चौथ्या घरून ते पुन्हा पहिल्या आणि दुसऱ्या घरी गेले आणि तेथेही हाच उपाय केला. दुसऱ्या घरच्या मालकाने पाऊण तास सांगितले. बसमध्ये परतताना सुकलाल एकटेच हसत होते, हे पाहून शेजारच्या प्रवाशाने जागा बदलली.

मग शेडमध्ये जे काम सुरू झाले, त्याचे वर्णन करताना दगाभाऊंचा आवाज अजूनही चढतो. आठ बोल्ट कापले गेले. झाकणाला मागून बिजागऱ्या आल्या. सत्तर किलो एका हाताला पेलवायचे कसे? पांडेसऱ्यात जुने माग मोडीत निघत होते; मागावर सुताचा ताण धरणारी लोखंडी वजने भंगारात पडली होती. ती आणून झाकणाच्या मागच्या बाजूला पुढे आलेल्या दांड्यावर एकेक चढवली. चौथे वजन चढताच झाकण करंगळीने उचलले गेले आणि अर्ध्या वाटेवर सोडले तेथेच तरंगत राहिले. सुकलालांनी ते वीस वेळा उघडले आणि वीस वेळा मिटले.

"अरे बस, बिजागरी झिजेल!" दगाभाऊ ओरडले.

"झिजू दे! बघ, बघ, हे बघ!"

मुठीसाठी मागाचाच एक लाकडी धोटा मिळाला. चाळीस वर्षे सूत वाहून गुळगुळीत झालेला, न तापणारा. तबकड्या दोन झाल्या आणि मांस ठेवायच्या जाळीच्या उंचीवर दोन्ही टोकांना बसल्या. राखेचा कप्पा पुढून खेचता येऊ लागला. तळाला उतार देऊन चरबीसाठी नळी आणि खाली टांगता डबा आला. पुढच्या अंगाला ताट ठेवण्याची फळी लागली. स्कूटरची जुनी रुंद चाके आली, आणि फटीतून धूर फुटू नये म्हणून झाकणाच्या कडेला बॉयलरच्या दाराला लावतात ती काचतंतूंची दोरी बसली. आणि तो तिरपा पत्रा! तो काढून त्यांनी जाळीखाली एक आडवा पत्रा घातला. त्याला पेटीजवळ बारीक आणि पुढे मोठी होत जाणारी छिद्रे पाडली, म्हणजे ताप दोन्ही टोकांना सारखा वाटला जाईल. धुराड्याचे तोंड आत जाळीच्या पातळीला उतरवले, म्हणजे धूर मांसाला वळसा घालून जाईल. धुराडे दोन फुटांनी तोडले आणि त्यात फिरणारी झडप घातली. त्या झडपेत सारे मर्म होते. पूर्ण उघडली तर धूर दिसणार नाही. पूर्ण मिटली तर कडू होईल. या दोहोंमध्ये कोठेतरी एक जागा होती.

शेवटच्या रविवारी सकाळी सहाला यंत्र पलसाण्याला पोहोचले. मंदाबाई पाटा-वरवंट्यावर वाटलेला काळा मसाला डब्यात घेऊन बरोबर आल्या होत्या. बोकडाच्या चार मांड्या जाळीवर चढल्या, बाभळीची लाकडे पेटली, आणि धुराड्यातून पांढराफटक, दाट, डोळे झोंबवणारा लोट निघाला.

लाकडे ओली होती. रात्रभर पाऊस झाला होता आणि ढीग उघड्यावर राहिला होता.

पाहुणे यायला लागले होते. आदित्य डोळे पुसत आला. "काका, साडेसात झाले. आत्ताच मटण काढून गॅसवर टाकलं तर एकपर्यंत रस्सा होईल. नंतर नाही व्हायचा."

सुकलालांनी मंदाबाईंकडे पाहिले. भंगारवाला उद्या येणार होता.

"मटण काढा," ते म्हणाले.

आदित्यला वाटले, म्हातारा हरला. पण सुकलालांनी मांड्या बाहेर काढून झाकून ठेवल्या त्या एवढ्यासाठी, की हा पांढरा धूर त्यांना शिवू नये. "मला अर्धा तास द्या आदित्यभाई. ओल्या कोळशावर मी मिल चालवलीय." त्यांनी लाकडांच्या बारीक ढलप्या काढल्या आणि तापलेल्या पेटीच्या माथ्यावर पसरल्या. त्यांतून वाफ निघाली, मग थांबली. वाळलेली एकेक ढलपी आत, नवी ओली वर. अरुणाबाईही ढलप्या उलटू लागल्या. सुकलालांचा एक हात झडपेवर आणि नजर धुराड्याच्या तोंडावर होती. पांढरा लोट विरळ झाला, राखाडी झाला. त्यांनी झडप बोटभर उघडली. धूर जवळजवळ नाहीसा झाला. हाताने सवयीने तेथेच थांबायचे ठरवले होते, चौतीस वर्षांचे समाधान त्या हातात होते. त्यांनी तो हात बळेच मागे आणला. झडप तसूभर मिटली.

धुराड्यातून एक निळसर, पातळ, जेमतेम दिसणारी रेघ वर चढली आणि उसाच्या शेतावर विरली.

"हाच!" सुकलाल ओरडले. "मंदा, बघ! हाच रंग! आदित्यभाई, मटण आणा! पळा!"

आठला दहा मिनिटे होती. एक वाजता अरुणाबाई पुढे झाल्या. डाव्या हातात ताट, उजवा हात धोट्यावर. झाकण वर गेले आणि थांबले. आतून जो गंध आला त्याने अंगणातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. चारही मांड्या एकसारख्या, तांबूसकाळ्या, हाडापासून आपण होऊन सुटू पाहणाऱ्या. अरुणाबाईंनी एक तुकडा मोडून आधी सुकलालांना दिला. त्यांनी तो तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"भरतासारखा लागस ना?" मंदाबाईंनी विचारले.

त्यांनी फक्त मान हलवली.

आदित्य मोबाइल काढून बाजूला गेला आणि भंगारवाल्याला मोठ्याने सांगू लागला, "नहीं भैया, कल मत आना। नहीं, परसों भी नहीं!" पाहुण्यांत आलेले बाकीचे चार मालक सुकलालांभोवती जमले, आमचे दुरुस्तीला केव्हा नेता, हा त्यांचा एकच गलका होता. सुकलाल त्यांच्यातून वाट काढत अरुणाबाईंकडे गेले. त्यांच्या चेहऱ्यावर अशी उत्सुकता होती की एखाद्याला वाटावे, खरे जेवण यांना आता मिळणार आहे.

"बाई, माझी चूक आधी सांगतो. लाकडं वाळवायला पेटीवर कप्पा हवा होता, तो सुचला नाही. आता तुमचं सांगा. काय खटकलं?"

अरुणाबाईंनी हात पुसले आणि विचार केला. "फळी उंच झालीय. माझ्यासारख्या बुटक्या बाईला ताट ठेवताना टाचा वर कराव्या लागतात."

"किती खाली घेऊ?"

"चार बोटं."

सुकलालांनी तेथल्या तेथे आपली चार बोटे फळीखाली धरून खूण केली. मंदाबाई म्हणाल्या, "आधी जेवा तरी," पण ते दगाभाऊंना फोन लावत होते.

त्यानंतर सुकलाल बोरसे सहा वर्षे जगले. जुन्या पाची भट्ट्या त्यांनी त्याच पावसाळ्यात दुरुस्त करून दिल्या आणि नव्या चौदा बनवल्या. प्रत्येक भट्टी पोहोचवल्यावर महिन्याने ते त्या घरी जात, तिच्यावर एकदा स्वतः शिजवत, आपली एक चूक सांगत आणि मग समोरच्याचे ऐकत. गेल्या माघात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांनी बनवलेल्या एकोणीस धूरभट्ट्या सुरत आणि नवसारी जिल्ह्यांत आहेत. त्यांतल्या सतरा चालू आहेत, आणि उरलेल्या दोन दुरुस्तीसाठी दगा माळी यांच्या शेडमध्ये आल्या आहेत.